परसबाग : उन्हाळी फुलें आणि पाण्याचा हिशेब

माघ उलटूं लागला म्हणजे हिवाळी फुलांची शोभा मावळूं लागते. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, ॲस्टर हीं थंडीचीं लाडकीं फुलझाडें फाल्गुनांतील पहिल्या झळेबरोबर माना टाकतात, आणि पुष्कळ घरीं त्याच आठवड्यांत कुंड्या उपड्या करून जिन्याखालीं रचून ठेवण्याची चाल आहे. आतां मृगापर्यंत बाग बंद, असें म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. वास्तविक वर्षांतील ज्या तीन-चार महिन्यांत डोळ्यांना रंगाची व मनाला प्रसन्नतेची सर्वांत अधिक गरज, तेच महिने अंगण भकास ठेवण्यांत कांहीं शहाणपण आहे असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय याच दिवसांत चैत्रगौर बसते, रामनवमी येते, घरोघर हळदीकुंकवें होतात. आणि नेमका याच वेळीं देवघरांत फुलांचा तुटवडा पडतो. सुदैवानें ऊन सोसणारीं, नव्हे उन्हावरच पोसणारीं हंगामी फुलझाडें पुष्कळ आहेत. त्यांची ओळख करून देण्याचा या महिन्यांत आमचा विचार आहे.

परंतु या विषयास हात घालतांच एक आक्षेप पुढें येतो, व त्यास बगल देऊन पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत उन्हाळ्यांतील पाणीटंचाई ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. किती तरी गांवीं नळ कांहीं दिवसांआड येतो, विहिरी तळ गांठतात, आणि टँकर आला म्हणजे हंडे-कळशांची रांग लागते. जेथें पिण्याच्या घागरीसाठीं पहांटे उठावें लागतें, तेथें फुलांना पाणी घालणें हा निव्वळ विलास नव्हे काय? हा प्रश्न कोणीं उपरोधानें विचारो वा कळकळीनें विचारो, तो योग्यच आहे. आम्ही तर असें म्हणूं कीं, ज्यानें हा प्रश्न स्वतःस एकदांहि विचारला नाहीं, त्यानें या जिल्ह्यांत उन्हाळी बाग करूं नये. मात्र त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत नसून हिशेबांत आहे. आणि तो हिशेब आम्ही प्रथम मांडणार आहोंत.

घाटावर आणि घाटाखालीं

हिशेबापूर्वीं आपण राहतों ती जागा ओळखली पाहिजे. आपल्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोक नेहमींच्या बोलण्यांत करतात, आणि बागेच्या दृष्टीनेंहि तो भेद महत्त्वाचा आहे. तो अजिंठ्याच्या डोंगररांगेनें केलेला आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर आहे. चिखली, मेहकर, देऊळगांव राजा, सिंदखेड राजा, लोणार हे तालुके घाटावरचे. तेथें दिवसा ऊन कडक असलें तरी रात्र बरीच निवते. राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरून खालीं गेलें कीं मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद व संग्रामपूर यांचा सपाट मुलूख लागतो. तेथें वैशाखांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि रात्रींहि भिंतींतून धग निघत असते. म्हणून घाटावरच्या वाचकांनीं जें बीं फाल्गुनाच्या मध्यास टाकलें तरी चालेल, तें घाटाखालच्यांनीं दोन-तीन आठवडे आधीं टाकावें. म्हणजे खरें ऊन सुरू होण्यापूर्वीं झाडाचीं मुळें खोल गेलेलीं असतील.

दुसरा भेद पाण्याचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. आपल्याकडे शेगांव, संग्रामपूर व जळगांव जामोद या तालुक्यांतील पुष्कळ गांवें त्यांत मोडतात. तेथील जमिनीखालचें पाणी खारें, आणि काळ्या मातींत सोडियमचा अंश अधिक. अशी माती ओली असतां लोण्यासारखी चिकटते व वाळली म्हणजे दगड होते. वरून घातलेलें पाणी आंत जिरत नाहीं. या पट्ट्यांतील वाचकांनीं पुढें सांगितलेल्या कांहीं सूचना विशेष ध्यानांत ठेवाव्या.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेथें बरोबर एक लिटर पाणी पडलें. हें सोपें कोष्टक एकदां मनांत बसलें कीं पुढचें गणित मुलांनाहि करतां येतें. चैत्र-वैशाखांत फुलांनीं भरलेला वाफा दिवसाला साधारण पांच ते सहा मिलिमीटर पाणी पितो, असें धरून चालावें. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा नऊ चौरस मीटरांच्या वाफ्यास रोज पन्नास लिटर पाणी लागणार. टंचाईच्या दिवसांत हें पाणी पिण्याच्या टाकींतून काढणें आम्हांस पसंत नाहीं. तोच वाफा तीन चौरस मीटरांचा केला तर पंधरा ते अठरा लिटर, म्हणजे एक बादली पुरते. आणि एक बादली पाणी तर आपण रोज नकळत मोरींत सोडून देतों. तांदूळ-डाळ धुतल्याचें, भाजी धुतल्याचें, फळें धुतल्याचें, रात्रीं उरलेल्या तांब्या-भांड्यांतील, असें पाणी एका बादलींत जमा करण्याची संवय लावली, तर पांच माणसांच्या घरीं ती बहुधा भरतेच.

यावरून आमचा पहिला नियम निघतो. उन्हाळी बाग जागेच्या मापानें आंखूं नये. वांचविलेल्या पाण्याच्या मापानें आंखावी. आठ दिवस बादली ठेवून पाहावी, किती पाणी जमतें तें मोजावें, व तेवढ्याच पाण्याचा वाफा किंवा तेवढ्याच कुंड्या कराव्या. अर्धी बादली जमली तर अर्धाच वाफा. पांच सतेज झाडें पाहून जें समाधान होतें, तें पन्नास कोमेजलेलीं झाडें पाहून खचित होत नाहीं.

दुसरा नियम असा कीं, चांगल्या पाण्यावर पहिला हक्क माणसांचा व पांखरांचा. अक्षय्यतृतीयेस उदककुंभाचें दान करण्याची आपली जुनी चाल आहे. तिचा अर्थ याच ऋतूंत नीट कळतो. दारीं वाटसरूसाठीं एक माठ व भिंतीवर चिमण्यांसाठीं एक पसरट भांडें भरून ठेवल्यावांचून कुंडींत झारी घालूं नये. तिसरा नियम नाजूक आहे, तथापि सांगितला पाहिजे. बागेची हौस ज्याची, पाणी त्यानेंच घालावें. घरच्या सुनेनें वा मोलकरणीनें दोन खेपा अधिक कराव्या आणि फुलें आपण मिरवावीं, ही बाग नव्हे, वेठ होय. एवढे तीन नियम पाळणाऱ्या घरांत फुललेलें फूल कोणाच्याहि तोंडचें पाणी तोडून फुललेलें नसतें, आणि वर विचारलेल्या प्रश्नाचें आमचें उत्तर हेंच आहे.

कोणतें पाणी चालेल

वांचविलेलें सर्वच पाणी झाडांस मानवतें असें नाहीं. धान्य व भाजी धुतल्याचें पाणी उत्तम. सौम्य साबणानें केलेल्या आंघोळीचें पाणी एकाआड एक दिवस, तेंहि जमिनींतील झाडांस, चालेल. कपडे धुण्याच्या पावडरीचें पाणी मात्र कटाक्षानें टाळावें. तींत सोड्याचा भाग असतो, आणि खारपाणपट्ट्यांतील मातीची जी दुर्दशा निसर्गानें केली, तीच आपण आपल्या हातानें अंगणांत करून ठेवतों.

खारेपणा कसा सांठतो हें समजण्यास आपल्या जिल्ह्यासारखी शाळा नाहीं. लोणारच्या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाहीं. कांठावरून पाणी आंत येतें, उन्हानें त्याची वाफ होते, आणि क्षार मात्र मागें राहतात. २०२० च्या जून महिन्यांत तें पाणी गुलाबी दिसूं लागलें तेव्हां साऱ्या देशाचें लक्ष तिकडे वेधलें होतें. पाणी आटून खारेपणा वाढला, त्यामुळें खाऱ्या पाण्यांतच पोसणाऱ्या सूक्ष्म जीवांची वाढ झाली व त्यांच्या रंगानें सरोवर रंगलें, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें. तळास भोंक नसलेली कुंडी म्हणजे असेंच एक लहानसें लोणार होय. कुंडीच्या कडेवर पांढरी पुटें दिसूं लागलीं म्हणजे क्षार सांठूं लागले असें समजावें.

हाच न्याय घरांतील कुलरला लागू आहे. कुलरच्या टाकींतील पाणी उडून जातें व क्षार तळाशीं राहतात. म्हणून आठवडाभर टाकींत राहिलेलें पाणी कुंड्यांना घालूं नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून जें पाणी बाहेर टाकलें जातें, त्यांतहि गाळून काढलेले क्षार एकवटलेले असतात. घाटावर जेथें मूळचेंच पाणी गोडें आहे तेथें तें कधीं मधीं चालून जाईल. परंतु शेगांव-संग्रामपूरकडील खाऱ्या पाण्याच्या घरीं तें लादी पुसण्यास व मोरी धुण्यासच ठेवावें.

माती आणि वाफा

आपली काळी माती सकस खरी, पण फुलझाडांच्या कोंवळ्या मुळांस ती एकटी जड होते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात व त्या भेगांतून खालची ओलहि उडून जाते. कुंडीसाठीं काळी माती, जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम, आणि पूर्ण कुजलेलें शेणखत हीं समभाग घ्यावीं. जमिनींतील वाफ्यास एक फूट खोल खणून दर चौरस मीटरला दोन-तीन घमेलीं कुजलेलें खत मिसळावें. खत अर्धकच्चें असेल तर वाळवी, म्हणजे जिला आपल्याकडे उधई म्हणतात ती, हटकून येते. तेव्हां खताला शेणाचा वास येत असेल तोंवर तें वापरूं नये. खणतांना मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड घातली असतां उधईचें भय कमी होतें. खारपाणपट्ट्यांत मातींत जिप्सम मिसळण्याचा शेतकऱ्यांचा उपाय प्रसिद्ध आहे. परंतु हौशी माणसानें तेथें सरळ कुंड्यांत, बाहेरच्या मातींत बाग करावी हें अधिक सुलभ.

वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षां दोन बोटें खोलगट ठेवावा, म्हणजे घातलेलें पाणी बाहेर वाहून जात नाहीं. रोपें उभीं राहिल्यावर मोकळ्या मातीवर वाळलेला पाला किंवा कुटार यांचा दोन बोटें जाडीचा थर पसरावा. या आच्छादनानें माती तापत नाहीं, भेगा पडत नाहींत, व पाण्याची पुष्कळ बचत होते. पश्चिमेकडून येणारें दुपारचें ऊन अडविण्यासाठीं तुराट्यांचा तट्ट्या फार उपयोगी. पऱ्हाट्या मात्र त्या कामीं घेऊं नयेत. त्यांवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ सालीं या अळीनें विदर्भांतील कापसाची जी नासाडी केली, ती शेतकरी विसरलेला नाहीं. आपल्या चार फुलांच्या सांवलीसाठीं शेजारच्या शेताला उपद्रव होतां कामा नये.

झाडांची निवड

झिनिया. उन्हाळी फुलांचा हा राजा. मूळचा मेक्सिकोचा. योहान झिन (१७२७–१७५९) या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचें नांव त्यास दिलेलें आहे. आपल्या डोळ्यांतील भिंगास धरून ठेवणाऱ्या तंतूंनाहि याच विद्वानाचें नांव आहे. तांबडा, केशरी, गुलाबी, पिवळा, पांढरा, असे निळ्याखेरीज बहुतेक रंग यांत मिळतात. बीं चार-सहा दिवसांत उगवतें व आठ-नऊ आठवड्यांत फूल येतें. फूल खुडून पाण्यांत ठेवलें असतां आठवडाभर टिकतें.

गॅलार्डिया. बाजारांत यालाच गलांडा म्हणतात. फूल येण्यास तीन महिने लागतात, पण एकदां आलें कीं पाऊस पडेपर्यंत, किंबहुना त्यानंतरहि, खंड पडत नाहीं. अमेरिकेंत हें झाड समुद्रकांठच्या वाळूंत आपोआप वाढतें. त्यामुळें उष्मा, कोरडेपणा व खारेपणा या तिहींस तें जुमानीत नाहीं. खारपाणपट्ट्यांतील वाचकांनीं पहिली निवड याचीच करावी.

चिनी गुलाब. नांव चिनी असलें तरी हा दक्षिण अमेरिकेचा रहिवासी, आणि गुलाब तर नव्हेच. आपल्या घोळीच्या भाजीचा हा भाऊ. सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास फुलें उमलतात व दुपार कलली कीं मिटतात, म्हणून कोणी याला ऑफिसाचें फूल म्हणतात. जाड पानांत पाणी सांठविलेलें असल्यानें एखादे दिवशीं विसर पडला तरी रागावत नाहीं. बीं धुळीसारखें बारीक असतें. शेजारणीकडून चार बोटें लांबीच्या काड्या आणून खोचणें हाच सोपा मार्ग. फुटक्या मडक्यांत, पसरट टोपलींत, गच्चीच्या कठड्यावर हें उत्तम शोभतें.

पिवळा कॉसमॉस. याला खत फारसें देऊं नये. दिलें तर पालाच माजतो. जागच्या जागीं बीं पेरावें. दोन महिन्यांत नारिंगी-पिवळ्या फुलांचा ताटवा तयार होतो व त्यावर फुलपांखरें येतात.

बटणफूल. कोठें कोठें यास गुलमखमल म्हणतात. जांभळीं, पांढरीं, गुलाबी अशीं गोल फुलें. बियांवर लव असते, म्हणून त्या रात्रभर भिजत घालून पेराव्या. हीं फुलें वाळलीं तरी रंग सोडीत नाहींत. वैशाखांत वाळवून ठेवलेलीं फुलें गौरीच्या मखरास उपयोगी पडतात.

यांखेरीज परसाच्या कडेला सूर्यफुलाची एक रांग मुलांकडून अवश्य लाववावी. आणि सदाफुलीस विसरूं नये. ही मूळची मादागास्करची. वर्षानुवर्षें जगणारी असली तरी दरवर्षीं नवें रोप केल्यास अधिक फुलते. १९५० च्या दशकांत हिच्यापासून रक्ताच्या कर्करोगांवरील गुणकारी द्रव्यें शोधून काढण्यांत आलीं, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. परंतु तीं द्रव्यें तज्ज्ञ वैद्यांच्या हातांतलीं. झाड स्वतः विषारी आहे. मधुमेहावर म्हणून हिचीं पानें चघळण्याचा जो परिपाठ कांहीं घरीं दिसतो, तो धोक्याचा आहे हें स्पष्टपणें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

येथें एखादी वयस्क वाचक भगिनी विचारील कीं, हीं परदेशीं फुलें देवास चालतील काय? त्यांस आमचें नम्र सांगणें असें कीं, ज्या झेंडूवांचून आपला दसरा होत नाहीं, तोहि मेक्सिकोकडूनच आलेला, गुलबक्षीहि अमेरिकेचीच. अंगणांत वाढलीं, घरच्या हातांनीं खुडलीं, आणि भक्तीनें वाहिलीं, तीं फुलें पिढ्या-दोन पिढ्यांत आपलीं होतात.

पेरणी आणि रोपें

हंगाम लक्षांत ठेवण्यास पंचांगासारखा सोबती नाहीं. महाशिवरात्रीस झिनियाचें बीं पेरलें, तर अधिक मास मध्यें आला नसतां, अक्षय्यतृतीयेपर्यंत सुमारें नऊ आठवडे मिळतात, आणि नेमक्या तेवढ्याच मुदतींत झिनिया फुलतो. चैत्रगौरीच्या स्थापनेलाच फुलें हवीं असतील त्यांनीं संक्रांतीच्या सुमारास पेरणी करावी. थंडींत उगवण सावकाश होते एवढेंच. गॅलार्डिया व बटणफूल यांस वेळ अधिक लागतो, म्हणून त्यांचें बीं झिनियाच्या आधीं टाकावें. कॉसमॉस व सूर्यफूल यांस उपटून लावणें मानवत नाहीं. तीं जागच्या जागीं पेरावीं.

पसरट कुंडींत माती, वाळू व पानखत समभाग घालून वर बीं विरळ पसरावें, आणि बियांच्या जाडीच्या दुप्पट मातीनें झांकावें. चिनी गुलाबाचें बीं झांकूंच नये, हातानें नुसतें दाबावें. पाणी वरून ओतलें तर बीं वाहून एका कोपऱ्यांत जमतें. म्हणून कुंडी परातींतील पाण्यांत घटकाभर ठेवून खालून ओल चढूं द्यावी. दाट उगवलेलीं रोपें निर्दयपणें विरळ करावीं. दया केली तर सर्वच रोपें बुडापासून कुजून आडवीं होतात.

चार पानें आलीं म्हणजे सायंकाळीं रोपें वाफ्यांत लावावीं; झिनियास एक फूट, गॅलार्डियास त्याहून किंचित् कमी अंतर असावें. पहिले तीन दिवस दुपारीं टोपलीची किंवा एरंडाच्या पानाची सांवली करावी. रोप वीतभर झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे बगलेंतून फांद्या फुटून झाड डेरेदार होतें. शेंडा खुडतांना पुष्कळांचा हात कचरतो. पण एका फुलाच्या बदल्यांत पंधरा मिळतात हें ध्यानांत ठेवावें.

पाणी देण्याची रीत

पाणी सकाळीं उन्हापूर्वीं किंवा दिवस मावळल्यावर द्यावें, आणि तें पानांवर न शिंपडतां मुळाशीं घालावें. रोज थोडें शिंपण्यापेक्षां एकाआड एक दिवस पोटभर देणें केव्हांहि चांगलें. त्यामुळें मुळें ओल शोधीत खोल जातात. लहान कुंड्यांना मात्र वैशाखांत रोज लागतें. फुटक्या काठाचे, गळके माठ टाकून देऊं नयेत. वाफ्याच्या मध्यें गळ्यापर्यंत पुरून पाण्यानें भरून वर झांकण ठेवलें, तर ते झिरपून झिरपून भोंवतालच्या झाडांना दोन-तीन दिवस ओल पुरवितात. झांकण विसरूं नये, व कुंड्यांखालच्या बशांत पाणी सांठूं देऊं नये. डेंग्यूच्या डांसांस तेवढेंच पुरे होतें.

पाणी कमी पडून मरणाऱ्या झाडांइतकींच तें अधिक होऊन मरणारीं झाडेंहि असतात. दुपारीं पानें मलूल दिसलीं कीं घाबरून पाणी ओतूं नये. सायंकाळीं तीं आपण होऊन सांवरलीं तर झाडाला कांहीं झालेलें नाहीं. सकाळींहि मलूलच असलीं, व बोट दोन पेरें आंत घातलें असतां माती कोरडी लागली, तर पाणी हवें असें समजावें. या बाबतींत झिनियाचेंच एक उदाहरण मनोरंजक आहे. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत झिनियाचीं रोपें लावलीं होतीं. २०१५ च्या डिसेंबरांत त्यांस ओल जास्त झाली व पानांवर बुरशी आली. पृथ्वीवरून ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणें पाणी देण्यापेक्षां झाडाकडे पाहून आपण स्वतःच तें ठरवावें, असें स्कॉट केली या अंतराळवीरानें सुचविलें. तसें करूं देण्यांत आलें, आणि २०१६ च्या जानेवारींत त्या रोपांपैकीं वांचलेल्यांस फुलें आलीं. आकाशांतील माळ्यास जें कळलें, तें आपल्या अंगणांतहि खरें आहे. घड्याळाकडे पाहून पाणी देऊं नये. मातीला बोट लावून द्यावें.

कीड, रोग व फुलांची तोडणी

कोरड्या हवेंत पानांच्या पाठीमागें तांबूस कोळी होतो. पानें फिकट व ठिपकेदार दिसतात. पहांटे पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारणें हा पहिला उपाय, आणि एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण घोटून सायंकाळीं फवारणें हा दुसरा. झिनियावर पिठासारखी भुरी आली तर दाटी कमी करावी व रोगट पानें काढून टाकावीं. आपल्या चुनखडीच्या मातींत पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो लोहाचा अभाव होय. एक लिटर पाण्यांत दोन ग्रॅम हिराकस व लिंबाच्या रसाचे चार थेंब घालून आठवड्याच्या अंतरानें दोनदां फवारावें.

सुकलेलीं फुलें झाडावर राहूं देऊं नयेत. बीं धरलें कीं झाडाचें कार्य संपलें. मग तें फुलण्याची तसदी घेत नाहीं. रोज पूजेसाठीं फुलें खुडणाऱ्या घरचीं झाडें अधिक फुलतात, त्याचें रहस्य हेंच आहे.

बीं राखावें, बीं द्यावें

ज्येष्ठ लागतांच प्रत्येक जातीचें सर्वांत टवटवीत झाड निवडून त्यावरील चार-पांच फुलें बियांसाठीं सोडावीं. पूर्ण वाळल्यावर तीं सकाळीं तोडून सांवलींत आठवडाभर ठेवावीं, आणि कागदाच्या पुडींत नांव, रंग व साल लिहून कोरड्या डब्यांत घालावीं. संकरित बियाणाच्या झाडापासून राखलेलें बीं आईसारखें निघेलच असें नाहीं; आपल्याकडील साध्या जातींचें बीं मात्र वर्षानुवर्षें चालतें, आणि आपल्या उन्हाला दरवर्षीं अधिक सरावतें.

एक सूचना आम्ही आग्रहानें करूं इच्छितों. संक्रांतीच्या हळदीकुंकवांत प्लास्टिकच्या डब्या-वाट्यांचें वाण लुटण्यापेक्षां घरच्या बियांच्या पुड्या लुटाव्या. ऋतु पेरणीच्या तोंडाशीं आलेला असतो, खर्च जवळ जवळ कांहीं नाहीं, आणि एका अंगणांतला झिनिया वैशाखांत वीस अंगणांत फुलतो. पुडीवर झाडाच्या नांवाखालीं "मोरींत जाणाऱ्या पाण्यावर वाढवावें" एवढी एक ओळ लिहावी, म्हणजे बियांबरोबर हिशेबहि घरोघर पोंचेल.

मृगाचा पाऊस पडला कीं झिनिया सडूं लागतो. तो उपटून खताच्या खड्ड्यांत टाकावा. गॅलार्डिया, बटणफूल व सदाफुली राहूं द्यावीं. मोकळ्या झालेल्या जागेंत गौरीसाठीं तेरडा व दसऱ्यासाठीं झेंडू कसा लावावा, हें त्या ऋतूच्या अंकीं सांगूं. तूर्त वाचकांनीं मोरीजवळ एक बादली ठेवावी आणि आठ दिवस ती मोजावी. बियांची पुडी त्यानंतर फोडावी.